‘किती घेता?’ : पोर्ट्रेटचा दर ठरवण्यापासून फोटो हातात देईपर्यंत

‘फोटोचे किती घेता?’ असा मेसेज आला की नवखा फोटोग्राफर आधी समोरच्याच्या प्रोफाइलकडे बघतो, मग स्वतःच्या कॅमेऱ्याकडे, आणि ज्या आकड्याला समोरचा नाही म्हणणार नाही असं वाटतं तो आकडा टाइप करून मोकळा होतो. मीही तेच केलं होतं. समोरून तीन सेकंदांत ‘ठीक आहे’ आलं. तेव्हाच कळायला हवं होतं. सव्वा तासाच्या त्या शूटने पुढे पंधरा दिवस माझा पिच्छा सोडला नाही. आणखी चार फोटो, मागची भिंत जरा फिकट, दंड जरा बारीक आणि शेवटी ‘सगळेच देऊन टाका ना, तुम्हाला ठेवून काय करायचेत?’ बाई भली होती. तिने कबूल केलेलं काहीच मोडलं नव्हतं, कारण मी तिच्याकडून काही कबूल करूनच घेतलं नव्हतं.

तेव्हापासून दर आणि अपेक्षा या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत नाही. नुसता आकडा सांगणं म्हणजे अर्धंच वाक्य बोलणं. किती फोटो, कधी, कशासाठी आणि कुठवर दुरुस्ती, हे उरलेलं वाक्य समोरचा स्वतःच्या मनाने पूर्ण करतो, आणि तो ते तुमच्या सोयीने कशाला करेल?

पोर्ट्रेटची कामं नुकतीच घ्यायला लागलेल्यांसाठी मी इथे पायऱ्या लिहिते आहे. क्रम मोडू नका. बहुतेक जण चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच घसरतात.

पायरी १ : एका शूटचे खरे तास मोजा

‘एक तासाचं काम’ असं म्हणायची सवय आधी सोडा. पुढच्या तीन शूटना, मग ती फुकटची का असेनात, फोनमधलं घड्याळ लावून प्रत्येक कामाची मिनिटं वहीत लिहा. माझ्या वहीतलं एक साधं एकट्या व्यक्तीचं पोर्ट्रेट, २० फोटो द्यायचे होते तेव्हाचं:

- मेसेज, फोन, तारीख ठरवणं : ४५ मिनिटं
- बॅटऱ्या चार्ज करणं, कार्डं रिकामी करणं, बॅग भरणं : ३०
- जाणं-येणं : ६०
- लाइट लावणं, जागा बघणं : ३०
- प्रत्यक्ष शूट : ७५
- फाइल उतरवून बॅकअप घेणं : ३०
- तीनशे फोटोंतून वीस निवडणं : ६०
- वीस फोटोंचे रंग आणि उजेड, प्रत्येकी ५ मिनिटं : १००
- त्यातल्या पाचांचं बारीक रिटचिंग, प्रत्येकी २० मिनिटं : १००
- एक्स्पोर्ट, अपलोड, लिंक पाठवणं : ३०
- सांगितलेल्या दुरुस्त्या : ३०
- बिल, पावती, पैशांची आठवण : १५

एकूण ६०५ मिनिटं, म्हणजे दहा तास आणि वर पाच मिनिटं. कॅमेरा डोळ्याला लावलेला वेळ त्यातला जेमतेम आठवा भाग. गिऱ्हाइकाला हाच आठवा भाग दिसतो, म्हणून त्याला दर जास्त वाटला तर त्याच्यावर चिडू नये. उरलेले सात भाग तुम्हीच मोजले नसतील तर त्याने कुठून मोजावेत?

तुमचे आकडे वेगळे येतील. नवख्याला रिटचिंगला जास्त वेळ लागतो आणि निवडायला तर फारच, कारण कुठलाच फोटो टाकवत नाही. ते ठीक आहे, पण खोटी मिनिटं लिहू नका.

पायरी २ : वर्षाचा हिशेब

प्रत्येकाचं गाव वेगळं, खर्च वेगळा, म्हणून मी इथे कुठलीच रक्कम लिहीत नाही. त्याऐवजी तुमच्या घराला एका महिन्याला लागणारा पैसा म्हणजे १ घरखर्च असं माप धरू.

वर्षाला १२ घरखर्च जगायला लागतात. आजारपण, अडीनडी आणि शिल्लक यांसाठी २ धरा. धंद्याचा खर्च, म्हणजे कॅमेऱ्याचा घसारा (वापराने होणारी झीज), सॉफ्टवेअरची वर्गणी, हार्ड डिस्क, विमा, प्रवास, कधीमधी भाड्याचा स्टुडिओ, याला ४. करासाठी २ बाजूला. झाले २०. यातले फक्त १२ तुमच्या मापाचेच आहेत. बाकीचे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

आता तास. वर्षातले ५२ आठवडे, त्यातून सुट्ट्या आणि आजारपणाचे ६ काढले की उरले ४६. आठवड्याला ४० तास धरले तर १८४० तास. पण एकटा माणूस धंदा करतो तेव्हा निम्मा वेळ बिनपगारी जातो: पोर्टफोलिओ सुधारणं, चौकश्यांना उत्तरं, हिशेब, शिकणं आणि ज्यांनी शेवटी शूट करून घेतलंच नाही अशांशी गप्पा. उरलेल्या ९२० तासांत दहा-दहा तासांची ९२ शूट बसतात. २० भागिले ९२ केले की एका शूटमागे साधारण ०.२२ घरखर्च येतो. म्हणजे महिन्याच्या घरखर्चाचा पाचवा हिस्सा आणि वर थोडं.

हा तुमचा तळ. याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम तुम्ही स्वतःच्या खिशातून करता.

पहिल्या वर्षी ९२ कामं कुणाला मिळत नाहीत. चाळीसच मिळाली तर हाच आकडा थेट ०.५ वर जातो, आणि तेवढा दर नवख्याला कुणी देणार नाही. यावर उपाय दर पाडणं हा नव्हे. घरखर्चाचा काही भाग दुसऱ्या कामातून येईल अशी सोय ठेवून सुरुवात करा. नोकरी सांभाळून फोटोग्राफी करण्यात कमीपणा नाही. उलट, महिन्याचं भाडं डोक्यावर नसलं की माणूस दर सांगताना अडखळत नाही.

घसाऱ्याबद्दल थोडं, कारण तो सगळ्यात जास्त विसरला जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेकॅनिकल शटरचं आयुष्य कंपन्या एक ते दोन लाख क्लिक असं सांगतात. एका शूटला ३०० क्लिक धरले तर ९२ शूटचे वर्षाला २७,६०० होतात. लाखाचं शटर पावणेचार वर्षांच्या आत तिथे पोचतं. तोवर नवा कॅमेरा घ्यायचे पैसे जमलेले हवेत, आणि ते आज जी शूट करता त्यांतूनच येणार.

तळाचा आकडा अंगावर आला तर पायरी १ ची वही पुन्हा उघडा. वीसऐवजी दहा फोटो द्यायचे आणि पाचऐवजी तीनच फोटोंचं बारीक रिटचिंग करायचं ठरवलं तर दीड तास वाचतो. गिऱ्हाइकाचं त्यात फारसं बिघडत नाही. वीस फोटो मिळालेला माणूस फ्रेममध्ये एकच लावतो आणि प्रोफाइलला दुसरा.

पायरी ३ : बाजार बघा, पण शेवटी

इतरांचे दर बघायचेच, पण स्वतःचा तळ काढल्यानंतर. आधी बघितले तर तुम्ही त्यांचाच आकडा थोडा खाली ओढून लावाल, आणि तो ज्याचा आहे त्याने तरी कुठे हिशेब केलेला असतो! दर बघताना सोबत काय मिळतं ते वाचा: किती फोटो, किती वेळ, प्रिंट धरून की वगळून. तुमच्यासारखं काम, तुमच्यासारखा अनुभव असलेल्या चार-पाच जणांचीच तुलना करा.

स्वस्ताईच्या शर्यतीची या धंद्यात जुनी गोष्ट आहे. १८५४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठ छोटी पोर्ट्रेट घ्यायची पद्धत पेटंट केली. एका प्लेटच्या खर्चात आठ चित्रं आल्याने पोर्ट्रेटची किंमत धाडकन खाली आली, लोकांच्या रांगा लागल्या, दिस्देरी गब्बर झाला. मग हीच पद्धत गल्लोगल्ली सगळ्यांनी उचलली. १८८९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. उधळपट्टीही होतीच म्हणा, पण स्वस्त देणं हे एकच वैशिष्ट्य असलं की ते पुढचा माणूस दुसऱ्या दिवशी उचलतो.

पायरी ४ : दराचा साचा

तासावर, फोटोवर की पॅकेजवर? नवख्याने तासावर घेऊ नये. तासाचा दर सांगितला की समोरच्याची नजर घड्याळावर जाते, चेहरा आखडतो आणि फोटोत ते उतरतं. शिवाय हात बसल्यावर तुम्ही तेच काम निम्म्या वेळात कराल आणि त्याची शिक्षा म्हणून निम्मे पैसे मिळतील. नुसतं फोटोवर घेतलं तर प्रत्येक फोटोवर घासाघीस होते.

सुरुवातीला एकच पॅकेज ठेवा: एक रक्कम, इतका वेळ, इतके तयार फोटो. जास्तीच्या फोटोचा वेगळा दर त्याच्याखालीच लिहून टाका. वीसेक कामं झाली की कोण काय जास्त मागतं ते कळेल. मग छोटं आणि मोठं अशी आणखी दोन करा. पहिल्या दिवशी सहा पॅकेजेसचं रंगीत दरपत्रक करणाऱ्यांना मी पाहिलं आहे. गिऱ्हाईक ते वाचतं आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणतं.

दरपत्रक लपवायचं की उघड ठेवायचं यावर दोन मतं आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची असं म्हणणारे दर फक्त फोनवर सांगतात. मी ‘अमुकपासून पुढे’ एवढं उघड लिहिते. ज्यांना परवडणार नाही ते आपापले निघून जातात आणि दोघांचाही अर्धा तास वाचतो.

फोटो वापरायचा कशासाठी, हेही इथेच येतं. घरच्या भिंतीवर लावायचा फोटो आणि जाहिरातीच्या फलकावर जाणारा फोटो काढायला तेवढीच मेहनत लागते, पण दुसऱ्यातून कुणीतरी पैसे कमावणार असतं. म्हणून वैयक्तिक वापर मूळ दरात धरा आणि व्यावसायिक वापराचे पैसे वेगळे घ्या. कुठे आणि किती काळ ते लिहून. प्रोफाइलसाठी काढलेला फोटो उद्या कंपनीच्या माहितीपत्रकावर दिसला तर बोलायला तुमच्याकडे कागद हवा.

कॉपीराइटबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. १८८६ च्या बर्न कराराने, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराने, पुढे हे तत्त्व रूढ केलं की कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही, कलाकृती झाली की हक्क आपोआप येतो. मात्र तो हक्क कुणाकडे येतो हे देशागणिक बदलतं. काही देशांच्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. तेव्हा ‘क्लिक मी केलं म्हणजे फोटो माझा’ असं गृहीत धरू नका. तुमच्याकडचा नियम बघा आणि करारात एक ओळ लिहा. त्याच ओळीला जोडून, हे फोटो तुम्ही पोर्टफोलिओत दाखवू शकता का, हेही विचारा. काहींना ते नको असतं, लहान मुलांच्या बाबतीत तर अनेकांना. नाही म्हणाले तर विषय संपला.

पायरी ५ : पहिलं बोलणं

दर विचारला की दर सांगायलाच हवा, पण आधी तीन प्रश्न विचारायची मुभा घ्या: फोटो कशासाठी हवेत, किती जण असतील, आणि कधीपर्यंत हवेत. माझं ठरलेलं उत्तर असं:

‘मेसेजसाठी धन्यवाद. माझी पोर्ट्रेट सेशन्स अमुक रकमेपासून सुरू होतात. त्यात सव्वा तासाचं शूट आणि दहा तयार फोटो येतात. फोटो कुठे वापरणार आहात आणि कितीजण असाल ते कळवलंत तर नेमका आकडा आजच सांगते.’

यात टाळाटाळ नाही आणि आंधळा आकडाही नाही.

फोनवर आकडा सांगितल्यावर गप्प बसा. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड. समोरून दोन सेकंद शांतता आली की आपली जीभ वळवळते: ‘म्हणजे, थोडं कमी-जास्त करता येईल’. त्यांनी काही म्हटलेलंच नसतं! कदाचित ते कॅलेंडर बघत असतील.

‘जास्त वाटतंय’ असं आलं तर दर कमी करू नका, काम कमी करा. ‘या बजेटमध्ये पाऊण तास आणि पाच फोटो बसतील, चालेल का?’ तेवढ्याच कामाचे पैसे कमी केले की पहिला आकडा खोटा होता असा अर्थ निघतो, आणि पुढच्या वेळी तो माणूस तिथूनच खाली उतरायला लागतो. ‘पुढे खूप कामं देऊ’ हे ऐकलं तर आनंदाने म्हणा की पाचव्या कामावर सवलत देईन.

ओळखीचे लोक हा वेगळाच अध्याय. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. माझा नियम: जवळच्यांना पूर्ण फुकट, बाकीच्यांना पूर्ण दर, मधलं काही नाही. अर्ध्या दरात केलं की त्यांना वाटतं पैसे दिलेत, तुम्हाला वाटतं उपकार केलेत, आणि दोघंही बरोबर असता. फुकट करतानाही बिल करा, त्यात पूर्ण रक्कम लिहा आणि खाली तेवढीच सवलत दाखवा. त्यांनी आणखी कुणाला तुमचं नाव सांगितलं तर ‘फुकट करते’ याऐवजी खरा दर पोचतो.

पायरी ६ : जे बोलायला संकोच वाटतो ते आधी बोला

भांडणं कशावरून होतात याची माझी यादी बरीच लांब आहे. त्यातली नेहमीची सांगते.

‘बाकीचे फोटो कुठे?’ गिऱ्हाइकाने शूटमध्ये तीनशे वेळा शटरचा आवाज ऐकलेला असतो. त्याच्या हिशेबात तीनशे फोटो आहेत आणि तुम्ही दहा देऊन २९० दाबून बसला आहात. तेव्हा आधीच सांगा: ‘मी भरपूर क्लिक करीन, त्यात मिटलेले डोळे, लाइटच्या चाचण्या, एकाच हावभावाचे पाच-पाच असतील. त्यातले निवडक मी दाखवीन, दहा तुम्ही निवडायचे.’ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल, देत असाल किंवा नसाल, तेही सांगा. मी देत नाही. शिवायला टाकलेल्या कपड्याचं कापलेलं कापड शिंपी हातात देत नाही, एवढं उदाहरण पुरतं.

रिटचिंग. हा शब्द प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. माझी रेघ अशी: दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते मी काढते, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, उडालेला केस. जे कायमचं आहे, तीळ, व्रण, सुरकुती, ते तुम्ही सांगितल्याशिवाय हलवत नाही. शरीराचा आकार बदलणं मूळ दरात नाही. कुणी व्रण काढा म्हणालं तर काढते, आढेवेढे न घेता. चेहरा त्यांचा आहे. पण विचारल्याशिवाय काढला तर एखाद्याला लागतं, हे मी एकदा अनुभवलं आहे. एका आजोबांच्या भुवईवरचा व्रण मी ‘स्वच्छ’ केला. त्यांनी फोटो बघितला, बराच वेळ बघितला आणि ‘हा कोण?’ असं विचारलं.

‘मी असा दिसत नाही.’ ही तक्रार येण्याआधीच तिचं कारण सांगून ठेवा. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उजवं-डावं उलटं. १९७७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा फोटो सरळ आणि आरशासारखा उलटा असा दोन्ही दाखवला, तेव्हा त्यांनी उलट्याला पसंती दिली आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींनी सरळ फोटोला. दोघांनाही आपल्या सवयीचा चेहराच आवडला. दुसरं कारण सेल्फी. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. आपण दीड-दोन मीटर मागे जाऊन ८५ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या फोटोत तसं होत नाही. एवढं आधी सांगितलं की पहिला फोटो बघताना कपाळावर आठी कमी येते. फोटो निवडताना सोबत घरचं कुणीतरी असू द्या, असंही मी सुचवते.

फोटो कधी मिळणार? तुम्हाला सहा दिवस लागत असतील तर दहा सांगा आणि आठव्या दिवशी द्या. ‘लवकरच’ हा शब्द मेसेजमध्ये कधीच लिहू नका. समोरच्याच्या डोक्यात त्याचा अर्थ ‘उद्या’ असतो. दुरुस्तीची एकच फेरी मूळ दरात, आणि ती लिंक मिळाल्यापासून सात दिवसांत सांगायची. सगळ्या सूचना एकदम, एका यादीत. तुकड्यातुकड्यांनी आलेल्या अकरा मेसेजेसपेक्षा ती यादी त्यांनाही सोपी जाते.

‘फोटो फुटतोय.’ नव्वद टक्के वेळा कुणीतरी तो चॅटवरून पुढे पाठवलेला असतो आणि ॲपने तो दाबून लहान केलेला असतो. (नव्वद हा माझा वैतागाचा आकडा, मोजलेला नव्हे.) मी दोन फोल्डर देते: ‘प्रिंटसाठी’ आणि ‘मोबाइलसाठी’. ८ बाय १० इंचांची प्रिंट ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढायची तर २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. लांब बाजू २०४८ पिक्सेलची असलेली मोबाइलची फाइल त्याच गणिताने जेमतेम पावणेसात इंचांपर्यंत जाते. हे गणित गिऱ्हाइकाला सांगत बसू नका, फोल्डरच्या नावातच काय ते कळू द्या.

कपडे, वेळेवर येणं आणि सोबत कोण येणार हे एका मेसेजमध्ये उरकतं. बारीक चौकडीचे कपडे नकोत, फोटोत ते लहरतात. उशीर झाला तर तो वेळ शूटमधून जातो. सोबत एकच माणूस. तीन मावश्या तीन बाजूंनी ‘हस की’ म्हणू लागल्या की कुणालाच हसू येत नाही.

पायरी ७ : कागद आणि ॲडव्हान्स

करार म्हटलं की लोकांना कोर्ट आठवतं. पानभर साध्या भाषेतला मजकूर पुरतो, आणि तो मेसेजवर पाठवून ‘मान्य’ असं उत्तर घेतलं तरी नवख्याचं निभावतं. मोठ्या कामाला मात्र वकिलाची नजर घाला. माझ्या कागदावर हे असतं:

‘तारीख, वेळ, ठिकाण. शूट सव्वा तास. तयार फोटो दहा, जास्तीच्या प्रत्येक फोटोचा दर अमुक. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली तयार फोटो देण्याआधी. निवडीसाठी फोटो शूटनंतर तीन दिवसांत, तयार फोटो तुमची निवड कळल्यापासून दहा दिवसांत. दुरुस्तीची एक फेरी. वापर वैयक्तिक. शूटच्या ४८ तास आधी कळवल्यास तारीख एकदा बदलून मिळेल. त्यानंतर रद्द केल्यास ॲडव्हान्स परत नाही. पावसामुळे बाहेरचं शूट रद्द झालं तर नवी तारीख, जादा पैसे नाहीत. माझ्याकडून रद्द झालं तर ॲडव्हान्स पूर्ण परत. फाइल ९० दिवस सांभाळल्या जातील.’

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. फक्त गिऱ्हाइकाला बांधणारा कागद पाहिला की शहाणा माणूस बिचकतो.

ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख पक्की नाही, हे तोंडी हसत सांगा आणि कृतीत कडक ठेवा. ‘पैसे नंतर देतो, तारीख धरून ठेवा’ म्हणणाऱ्याला ‘तोवर कुणी मागितली तर आधी तुम्हाला विचारते’ एवढंच कबूल करा. उरलेली रक्कम आधी घ्यायची आणि मग पूर्ण आकाराच्या फाइल द्यायच्या. निवडीसाठी छोट्या, शिक्का मारलेल्या प्रती दाखवायला हरकत नाही.

नव्वद दिवस सांभाळणार म्हटलं तर खरोखर सांभाळा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा बॅकअपचा जुना नियम आहे. शूट झाल्यावर दोन प्रती होईपर्यंत कार्ड रिकामं करू नका. माझं एक कार्ड घरी आल्यावर उघडलंच नाही. कॅमेऱ्यात दुसरं कार्ड होतं म्हणून वाचले. त्या रात्रीपर्यंत मी ते केवळ सवयीने घालत होते.

पायरी ८ : तरीही नाराज झाले तर

लगेच उत्तर देऊ नका. तासाभराने फोन करा, लिहू नका, आणि एकच विचारा: ‘कुठला फोटो सगळ्यात कमी आवडला, आणि त्यात काय?’ बहुतेकदा उत्तर एखाद्या फोटोपुरतं, एखाद्या बटणापुरतं असतं. चूक तुमची असेल, म्हणजे फोकस चुकला किंवा ठरलेली गोष्ट राहिली, तर पुन्हा शूट करून द्या, पैशांचा विषय न काढता. चूक नसेल आणि ठरल्याबाहेरचं मागत असतील तर कागदातली ओळ दाखवा आणि त्या कामाचा दर सांगा. दोन्हीत बसत नसेल, माणूसच दुखावला असेल, तर काही पैसे परत करून मोकळं व्हा. हे मी वर्षातून एखाद्या वेळी करते आणि त्याला खर्चाच्या वहीत ‘विमा’ म्हणून लिहिते.

दर कधी वाढवायचा

दहापैकी नऊ जण न विचार करता हो म्हणत असतील तर दर कमी आहे. दोन महिन्यांच्या तारखा भरल्या असतील तरीही. दहापैकी आठ नाही म्हणत असतील तर दराआधी पोर्टफोलिओ बघा. तिथे जे दिसतं आणि तुम्ही जो आकडा सांगता त्यांचा मेळ बसत नसेल. वाढवताना एकदम दुप्पट नको, पायरी २ चा हिशेब नव्या वर्षाच्या आकड्यांनी पुन्हा मांडा आणि जो तळ येईल त्यावर ठरवा. जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवा आणि एक शूट जुन्या दराने द्या.

आणि दिलेल्या प्रत्येक कोटेशनखाली ‘हा दर ३० दिवस लागू’ असं लिहायला आजपासूनच लागा. मी लिहिलं नव्हतं. दीड वर्षापूर्वीचा मेसेज उघडून, त्यातला आकडा दाखवत एक गृहस्थ परवाच आले होते, सोबत अख्खं कुटुंब घेऊन.